गाजरकाकांची प्रकृती

गाजर त्यांना लहानपणापासून आवडत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ज्या माणसाला सगळं शहर गाजरकाका म्हणू लागलं, तो पाळण्यातच गाजर चघळत असणार असा लोकांचा समज होता. तसं काही नव्हतं. कृषी खात्याच्या विभागीय कचेरीत ते स्टोअरकीपर होते. तळघरातल्या लांबट खोलीत पंपांचे सुटे भाग, रबरी नळ्या, मोडक्या पायांच्या खुर्च्या आणि कोणी कधी न वाचलेल्या पत्रकांचे गठ्ठे सांभाळायचे, वरून कोणी काही मागितलं की नेऊन द्यायचं आणि मधल्या वेळात चहा प्यायचा, एवढंच त्यांचं काम. चेहरा मात्र विलक्षण लाभला होता. गोबरे गाल, गालांवर लाली, दात सगळे स्वतःचे. ज्या तळघरात उन्हाची तिरीपसुद्धा येत नव्हती, तिथून हा माणूस नुकताच डोंगर चढून आल्यासारखा टवटवीत बाहेर पडायचा. बायको म्हणायची, "ह्यांच्या गालांवर जाऊ नका. नुसता रंग आहे तो."

ह्या गालांनीच पुढे घात केला.

शहराच्या कडेने नदी वाहते आणि नदीपलीकडे सपाट, काळीभोर शेती आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्याची टाकी फुटली आणि टाकीतलं सगळं कालव्यातून शेतांत शिरलं. पिकं जळाली, गुरं हलवली, शेतांना तारेचं कुंपण पडलं. चौकशी झाली, चौकशीची चौकशी झाली. कारखान्याने तोवर नाव बदलून घेतलं आणि दारावर हिरव्या पानाचं नवं चिन्ह लावलं. मग कधीतरी यंत्रं आली. त्यांनी हातभर खोल माती खरवडून काढली, काळ्या पिशव्यांत भरून टेकडीपाशी रचून ठेवली, नवी माती आणून पसरली. पहिली पिकं काढून नुसती तपासली आणि जाळून टाकली. असं करता करता एके दिवशी प्रयोगशाळेने कळवलं की माती स्वच्छ आहे. बाकीच्या जिल्ह्यातल्या मातीपेक्षाही स्वच्छ, असं कोणीतरी उत्साहाच्या भरात म्हणून गेलं. बाकीच्या जिल्ह्यातली माती कोणी कधी तपासलीच नव्हती, आणि म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

नदीपलीकडच्या मालावर मात्र कोणाचाच नव्हता. मंडईतल्या झाडून सगळ्या गाळ्यांवर पाट्या लागल्या होत्या: 'आमच्याकडे नदीपलीकडचा माल मिळत नाही.' कोपऱ्यावरच्या गाळेवाल्याने तर ती पाटी रंगवून, वर छोटासा दिवा सोडून लावली होती.

खात्याने मग विश्वास कक्ष उघडला. विश्वास कसा परत आणायचा हे ठरवायला तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, नवे पडदे आणि एक संचालकबाई नेमण्यात आल्या. बाई हुशार होत्या, कामसू होत्या, आणि जगातली कुठलीही अडचण पडद्यावर चित्रं दाखवून सुटते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांनी प्रथम हसऱ्या गाजराचं चित्र काढून घेतलं. मग एका नावाजलेल्या नटाला बोलावून मंडईत गाजर खायला लावलं. नटाने डोळे मिटून, मान डोलवत गाजर खाल्लं, टाळ्या घेतल्या आणि गाडीत बसता बसता तोंडातला चोथा रुमालात काढला. ते एकाने फोनवर टिपलं. संध्याकाळपर्यंत रुमाल नटापेक्षा जास्त प्रसिद्ध झाला, आणि भिंतींवर लोकांनी लिहून टाकलं: 'खातं खातं का?'

ह्या प्रश्नाने खातं हादरलं. खाऊन दाखवणारा माणूस आता घरचाच हवा, असं ठरलं. वरच्या मजल्यांवरचे साहेब एकाएकी आजारी पडू लागले. कोणाचं पथ्य निघालं, कोणाला कच्चं चालेनासं झालं.

अशा वेळी काका खुर्च्या घेऊन वर गेले. कक्षात छायाचित्रांची तयारी चालली होती, टेबलावर पांढऱ्या थाळीत धुतलेली गाजरं मांडलेली होती. काकांना सकाळपासून चहाशिवाय काही मिळालं नव्हतं. त्यांना वाटलं, मीटिंगचं खाणं असेल. आवडत नसलं तरी भूक ती भूक. त्यांनी एक गाजर उचललं आणि कचकन चावा घेतला. त्याच क्षणी दिव्याची जुळवाजुळव करणाऱ्या छायाचित्रकाराने बटण दाबलं.

संचालकबाईंनी तो फोटो पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. "काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही इतके दिवस होतात कुठे?"

"खाली, मॅडम. तळघरात."

महिन्याभरात काकांचा चेहरा बसच्या पाठीवर, पुलाच्या कठड्यावर आणि दवाखान्याच्या भिंतीवर झळकला. दर आठवड्याला मंडईच्या मधोमध व्यासपीठ लागे आणि काका त्यावर चढून नदीपलीकडची भाजी खात. व्यासपीठावरचं छत हिरव्या पानाच्या चिन्हाचं होतं. ते कारखान्याने समाजाविषयीच्या आस्थेपोटी दिलं होतं. काकांनी नवे दोन सदरे शिवून घेतले, आठवड्याला केस कापून घेऊ लागले. लोक वाटेत थांबवून त्यांच्याबरोबर फोटो काढायचे. उभा जन्म ज्याला कोणी 'स्टोअर उघडं आहे का' ह्यापलीकडे काही विचारलं नाही, त्या माणसाला हे गोड न वाटलं तरच नवल. गाजराची चव गेली खड्ड्यात, ते मनाशी म्हणत आणि घास गिळून टाकत.

गर्दी मोठी व्हायची. विक्री होत नव्हती. लोक काकांचं खाणं पाहायचे, एकमेकांना कोपराने ढोसायचे आणि मग कोपऱ्यावरच्या दिव्याच्या पाटीखाली जाऊन भाजी घ्यायचे. काकांनी एकदा त्या गाळेवाल्याला विचारलं, "एवढी माणसं येतात, मग घेत का नाहीत?"

"येतात ती तुम्हाला बघायला," तो वांगी रचत म्हणाला. "त्यांना वाटतं, आज पडेल."

हे खरंच होतं. काकांची प्रकृती आता काकांची राहिली नव्हती. एकदा ते व्यासपीठावर शिंकले, तर पुढच्या रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली आणि दुसऱ्या दिवशी 'श्वासावर परिणाम' अशी बातमी शहरभर झाली. गुडघा दुखत होता म्हणून ते काठी घेऊन निघाले, तर संचालकबाईंनी जिन्यातच काठी काढून घेतली. "काका, निदान ही तिमाही संपेपर्यंत लंगडू नका." चष्म्याचा नंबर वाढला होता, पण नवा चष्मा घ्यायची परवानगी नव्हती, गाजर खाणाऱ्याची नजर अधू कशी होईल? खोकला आला की काका स्टोअरच्या नोंदवहीत तोंड घालून खोकत.

घरी वेगळीच तऱ्हा. बायको शिवणकाम करायची. पडदे, अभ्रे, उसवलेल्या पँटी. कुठलंही कापड हातात आलं की आधी उलटं करून टाके बघायचे, ही तिची सवय, आणि तीच तऱ्हा ती माणसांना लावायची. काकांच्या नव्या कामाबद्दल तिने पहिल्याच दिवशी हद्द आखून दिली. "तुमचं खातं तुम्हाला काय खायला घालतंय ते तिकडेच खा. माझ्या ओट्यावर त्यातलं पानसुद्धा यायला नको."

"अगं, तपासलेलं आहे."

"कोणी?"

"प्रयोगशाळेने."

"प्रयोगशाळेला पगार कोण देतं?"

प्रयोगशाळेला पगार खातंच द्यायचं.

मुलगी, जावई आणि छोटी नात त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. नातीला दात येत होते, नुकतंच कुस्करून भरवायला सुरुवात झाली होती. एके दिवशी मुलगी खाली आली आणि काकांजवळ बसली.

"बाबा, ती भाजी खरंच चांगली आहे ना? मग हिला गाजर उकडून देऊ का? तुम्ही आणाल?"

मंडईत ह्याच प्रश्नाला उत्तर म्हणून ते दर आठवड्याला अर्धा तास बोलत. आता मात्र जिभेवर आलं ते वेगळंच. "अजून थोडे दिवस थांबू या," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना अनोळखी वाटला. मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, नातीला कडेवर घेतलं आणि ती वर गेली. बायको मशीनवर होती. तिने मान वर केली नाही, पण मशीन थांबलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मंडईत, मूल कडेवर घेतलेली एक बाई गर्दीतून व्यासपीठापर्यंत आली. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या की फोटो काढला नव्हता. "काका," ती म्हणाली, "तुम्हाला नातवंड आहे का?"

"आहे की. नात आहे."

"तिला देता हे?"

बाजूला संचालकबाई उभ्या होत्या. समोर कॅमेरे होते. "देतो तर!" काका म्हणाले. "रोज. आवडीने खाते."

व्यासपीठाच्या पायऱ्यांशी भाजीचे क्रेट घेऊन एक शेतकरीण उभी असायची. नदीपलीकडे तिची स्वतःची जमीन. कुंपण पडलं तेव्हा ती नवी नवरी होती; नंतरची सगळी वर्षं तिने नवऱ्याबरोबर एका गोदामात पोती उचलण्यात काढली, आणि कुंपण उघडल्यावर पहिल्यांदा परत गेली ती तीच. व्यासपीठावर जे खाल्लं जायचं ते तिच्या शेतातलं. ती कधी काही बोलायची नाही. त्या दिवशी कार्यक्रम आटोपल्यावर मात्र ती काकांजवळ आली.

"गोड लागतात का हो तिला?"

"हो," काका म्हणाले. "गोडच."

त्यानंतर दर आठवड्याला ती नातीसाठी म्हणून वेगळी, बोटाएवढी कोवळी गाजरं आणू लागली. धुऊन, पुसून, कापडाच्या पट्टीने बांधलेली छोटीशी जुडी. काका ती हसून घेत. घरी न्यायची सोय नव्हती. रस्त्यावर टाकायची तर आता त्यांना ओळखत नव्हतं कोण? म्हणून ते ती जुडी कचेरीत नेत आणि तळघरात पंपाच्या एका रिकाम्या खोक्यात ठेवत. खोकं हळूहळू भरत चाललं. मंडईतून कचेरीकडे जाताना वाटेत तळणाची गाडी लागायची. तोंडातली गाजराची चव घालवायला काका तिथे थांबून तेलात निथळणारे बटाट्याचे काप कागदभर खात. ते खाऊन त्यांना बरं वाटायचं, म्हणून दुसरा कागदही घेत.

आणि एके दिवशी ते खरोखरच पडले. हातात अर्धं गाजर, समोर खचाखच गर्दी, आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की काका कमरेतून वाकले आणि व्यासपीठावर आडवे झाले. गर्दीतून एक आवाज उठला. त्यात काळजी होती, नाही असं नाही, पण बराचसा तो समाधानाचा होता. इतके आठवडे उन्हात उभं राहिल्याचं चीज झालं होतं.

इस्पितळात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, आतलं चित्र काढलं आणि निदान सांगितलं. "पित्ताशयात खडे आहेत. पित्ताशय काढावं लागेल. तळलेलं फार खाता का?"

काकांनी मान खाली घातली.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आता मला एक खरं सांगा. ती भाजी तुम्ही खरंच खाता, की तुमचीही काही रुमालाची युक्ती आहे?"

"खातो हो," काका कळवळून म्हणाले.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हात जरा जास्त वेळ धुतले.

संचालकबाई धावत आल्या. खडे हा शब्द ऐकून त्या खुर्चीत बसल्याच. "खडे? काका, खडे? उद्या लोक काय म्हणतील? मातीतून आले म्हणतील!" त्यांनी तिथेच बसून निवेदन तयार केलं: व्यासपीठाच्या पायरीवरून घसरल्यामुळे काकांना किरकोळ दुखापत झाली असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. दुपारी निवेदन निघालं. संध्याकाळी मंडईत सगळ्यांना कळलं होतं की गाजरं खाऊन काकांच्या पायातलं बळ गेलं, म्हणूनच ते घसरले.

शस्त्रक्रिया नीट झाली. काका पडून होते आणि विचार करायला भरपूर वेळ होता. तसा वेळ तळघरातही असायचा, पण तिथे त्यांनी तो कधी त्या कामी लावला नव्हता.

बायको कचेरीत गेली होती. काकांचा डबा, स्वेटर आणि चपला स्टोअरमध्ये राहिल्या होत्या, त्या आणायला. ती परत आली तेव्हा तिचे बूट चिखलाने भरले होते. तिने पिशवी खाटेवर ठेवली आणि उभ्यानेच विचारलं, "त्या खोक्यात काय आहे?"

काकांनी डोळे मिटले.

"डोळे मिटू नका, भूल उतरलेली आहे. तळघरात पाऊल टाकलं तर कुबट वास. म्हटलं उंदीर मेला असेल. उघडून बघते तर ढीगभर सुकलेली गाजरं. प्रत्येक जुडीला कापडाची पट्टी. सरळ कापलेली, कडा दुमडून टीप मारलेली. दोरा बांधून भागलं असतं तरी कुणीतरी पट्टीला टीप मारून बांधलंय. कुणासाठी?"

काकांनी सांगितलं. सगळं सांगितलं. नातीबद्दल विचारणारी बाई, आपण दिलेलं उत्तर, शेतकरीण, कोवळ्या जुड्या.

"मंडईत नातीबद्दल काय बोललात ते शहरभर झालंय, त्यावरून वाटलंच होतं मला," बायको म्हणाली आणि आता कुठे खुर्चीत बसली. "म्हणून मी तिकडे गेले होते."

"कुठे?"

"नदीपलीकडे. कुठे म्हणजे काय! म्हटलं, तोंडावर सांगून यावं, बाई, ह्या जुड्या पाठवू नकोस, आमची नात खात नाही. एखादीच्या कष्टाची अशी थट्टा मला नाही बघवत."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, ठाऊक आहे मला. काका खोटं बोलतात तेव्हा त्यांचे कान लाल होतात."

काकांनी नकळत कानाला हात लावला. "मग देत का होती?"

"तेच विचारलं मी. म्हणाली, मावशी, एखाद्या दिवशी देतील घरी."

शेजारच्या खाटेवरचा रुग्ण वर्तमानपत्राआडून सगळं ऐकत होता. त्याचं पान उलटायचं राहिलं.

"मग मी म्हटलं, आलेच आहे तर बघून घेते," बायको पुढे म्हणाली. "सगळं विचारलं. पाणी कुठून येतं, दाखव म्हटलं. दाखवलं. काढलेली माती कुठे आहे, तर त्या टेकडीपाशी चालत नेलं. पिशव्यांतलं पाणी पावसात झिरपतं का, विचारलं. तर म्हणाली, माहीत नाही. मीही त्यांना हेच विचारते, ते नाही झिरपत म्हणतात, पण मी आत शिरून पाहिलेलं नाही. आणि नदीला लागून एक पट्टी आहे, ती नुसती पडीक. म्हटलं, इथे का नाही लावलंस? तर म्हणाली, कागदावर ती पण चांगली आहे. मला वाटत नाही. म्हणून नाही लावत."

"असं म्हणाली ती?"

"तोंडावर म्हणाली. अहो, इतक्या दिवसांत तुमच्या त्या तीन खोल्यांतून एकदा तरी कोणी 'माहीत नाही' म्हणालंय का? ती म्हणाली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हिच्याशी बोलण्यात अर्थ आहे."

बायकोने स्वतः निवडलेल्या ओळींतून स्वतः गाजरं उपटून आणली होती. दुसऱ्या दिवशी ती मंडईतल्या तपासणी केंद्रावर गेली. असं एक केंद्र खात्याने थाटात उघडलं होतं आणि तिथला तंत्रज्ञ गिऱ्हाइकाअभावी शब्दकोडी सोडवून सोडवून पंडित झाला होता. त्याने तिला उद्या यायला सांगितलं. "मी बसते," ती म्हणाली, आणि पिशवीतून उसवलेला पडदा काढून खुर्चीवर बसली. त्याने यंत्र सुरू केलं की ती उठून बघायची. हा आकडा कशाचा, तो कशाचा, किती असला म्हणजे वाईट, हे यंत्र बरोबर आहे हे कशावरून? बिचारा घामाघूम झाला. गाजरं चांगली निघाली. पुढच्या आठवड्यात तिने दुसऱ्या ओळीतली नेली. तीही चांगली निघाली. मग तिने ती शिजवून आधी स्वतः खाल्ली, मुलीला सगळं सांगितलं, आणि काय करायचं ते मुलीवर सोपवलं.

मुलीने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी नातीच्या तोंडात उकडलेल्या गाजराचा पहिला घास गेला. नातीने तो जरा घोळवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि आजोबांच्या नव्या सदऱ्यावर थुंकून टाकला. विषबाधा वगैरे काही नव्हतं. आजोबांची चव नातीत उतरली होती, इतकंच.

काका बरे झाले तशी संचालकबाईंनी पुनरागमनाची जय्यत तयारी केली. बँड ठरवला, छत धुऊन घेतलं, भाषण लिहून दिलं. भाषणात घसरलेल्या पायरीचा उल्लेख होता. काका व्यासपीठावर चढले. पोटावरचे टाके ओढत होते. गर्दी तुफान, कारण ह्या खेपेला काय होतं त्याची सगळ्यांनाच उत्सुकता होती. बँड थांबला, आणि काकांनी कागद उघडण्याआधीच ती मूल कडेवर घेतलेली बाई पुढे आली. मूल मधल्या काळात जड झालं होतं.

"काका, नात कशी आहे? खाते ना रोज?"

काकांनी संचालकबाईंकडे पाहिलं. त्या हसऱ्या गाजरासारख्या हसत होत्या. मग त्यांनी पायऱ्यांशी उभ्या असलेल्या शेतकरणीकडे पाहिलं. ती त्यांच्या कानांकडे बघत होती.

"नव्हती खात," काका म्हणाले. "मागच्या वेळी मी खोटं बोललो. मलाच धीर झाला नव्हता तिला द्यायचा."

रस्त्यावरच्या तळणाच्या गाडीवरचं तेल चुरचुरलेलं मंडईत ऐकू आलं.

"आणि मी घसरलो वगैरे नाही. पित्ताशयात खडे झाले होते. मातीचे नाही, तळणाचे. इथून निघालो की त्या गाडीवर जाऊन दोन-दोन कागद काप खायचो, कारण मला गाजर आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

तळणाच्या गाडीवाल्याने तोंड फिरवलं. कोणीतरी खुदकन हसलं, मग हसू पसरत गेलं.

"नातीला आता देतो, मागच्याच आठवड्यापासून. ती थुंकते."

"का थुंकते?" मागून कोणीतरी ओरडलं.

"माझी नात आहे म्हणून!"

संचालकबाईंनी बँडवाल्यांना खूण केली, पण बँडवाले हसण्यात गुंग होते. तेवढ्यात गर्दीतून काकांच्या बायकोचा खणखणीत आवाज आला. "आणि ती नदीलगतची पट्टी! तिथलं काही आलं तर मी हात लावणार नाही, आत्ताच सांगून ठेवते!"

"कुठली पट्टी?" लोकांनी विचारलं. ह्या पट्टीबद्दल त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. ते शेतकरणीकडे वळले आणि मग जे सुरू झालं त्याला भांडणाखेरीज दुसरा शब्द नाही. लोकांनी तिला घेरलं. पट्टीबद्दल विचारलं, पिशव्यांबद्दल विचारलं, तुझी मुलं खातात का, तूच कशावरून खरी, खात्याने तुला किती दिले? आवाज चढले. तिचाही चढला. तिला जे ठाऊक होतं ते तिने सांगितलं, जे नव्हतं ते नाही म्हणून सांगितलं, आणि एका म्हाताऱ्याला तर म्हणाली, "नका घेऊ ना मग! मी काय तुमच्या पाया पडलेय?" दोन्ही बाजूंचे घसे बसेपर्यंत हे चाललं. आणि शेवटी त्याच म्हाताऱ्याने क्रेटमधलं एक गाजर उचललं, उलटंसुलटं केलं आणि घुश्शात म्हणाला, "कितीला दिलीस?"

तिने भाव सांगितला.

"फार होतात. काहीतरी कमी कर."

संचालकबाईंना ह्यातलं काहीच कळलं नाही, पण कोपऱ्यावरच्या गाळेवाल्याने मात्र मान वर केली. इतक्या वर्षांत नदीपलीकडच्या मालावर कोणी घासाघीस केली नव्हती. नको असलेल्या वस्तूचा भाव कोण पाडून मागतं?

पुढे सगळं सुरळीत झालं, असं नाही. काही घरांत ती भाजी आजही येत नाही, आणि त्यांना कोणी नावं ठेवत नाही. बायकोने मात्र एक चमू जमवला. शेजारणी, मुलीच्या मैत्रिणी, ती मूल कडेवर घेतलेली बाई, आणि कुरकुर करत तो म्हाताराही. आळीपाळीने ही मंडळी पुलावरून पलीकडे जातात, हवी ती ओळ निवडतात, उपटतात आणि केंद्रावर नेऊन तंत्रज्ञाचं डोकं खातात. त्याची शब्दकोडी सुटली. एकदा पालकाचे आकडे जरा जास्त आले, तर ह्यांनी तो सगळा वाफा मोडायला लावला, आणि शेतकरणीने तोंडातल्या तोंडात पुटपुटत का होईना, मोडला. त्या आठवड्यात विक्री उलट वाढली. नदीलगतची पट्टी खात्याने पुन्हा तपासली, पुन्हा चांगली निघाली, आणि शेतकरणीने पुन्हा काही लावलं नाही. तिथे गवत आहे.

कोपऱ्यावरच्या गाळेवाल्यानेही नदीपलीकडची गाजरं ठेवायला सुरुवात केली. पाटी तशीच आहे. काढायला सांगितलं की म्हणतो, "दिवा चांगला आहे हो, प्रकाश पडतो."

विश्वास कक्षाने आपला अहवाल छापला. जनतेचा विश्वास हसऱ्या गाजरामुळे परत आला, हे त्यात रंगीत आलेख काढून सिद्ध केलं आहे. संचालकबाईंना बढती मिळाली. जाण्याआधी त्या घरी आल्या होत्या. काकांच्या बायकोने भित्तिचित्रासाठी फोटो द्यावा, अशी त्यांची इच्छा होती.

"मला हसता येत नाही फोटोत," बायको म्हणाली.

"हसू नका. गंभीर चालेल. हल्ली गंभीरही चालतं."

"मग लोकांनी माझ्या तोंडाकडे बघून भाजी घ्यायची? आमच्या ह्यांच्या तोंडाकडे बघून घेतली होती का?" असं म्हणून तिने बाईंच्या जॅकेटची बाही धरून उलटी केली. "हे आतून उसवलंय. काढून द्या, टीप मारून देते."

काकांचा चेहरा बसच्या पाठीवरून गेला. त्याजागी गादीची जाहिरात आली. सुरुवातीला त्यांना ते लागलं, नाही म्हणायला. एकदोनदा तर ते थांब्यावर उगाचच बस गेली तरी उभे राहिले. आता ते तळघरात असतात. काठी घेऊन चालतात, जाड भिंगांचा चष्मा लावतात, आणि खोकला आला की मोकळेपणाने खोकतात. त्यांच्या प्रकृतीची चौकशी आता फक्त घरची माणसं करतात, तीही हल्ली चिडून.

सुटीच्या दिवशी बायको नदीपलीकडे निघाली की पिशव्या उचलायला ती काकांना नेते. परवाही नेलं होतं. ती आणि शेतकरीण बांधावर बसून कुठल्याशा ओळीवरून वाद घालत होत्या. काका पिशव्या ठेवून मटारच्या वाफ्याशी टेकले. शेंगा भरल्या होत्या. त्यांनी एक तोडली, अंगठ्याने सोलली आणि दाणे तोंडात टाकले. थंडगार, गोड. मग दुसरी. मग गुडघा सांभाळत ते नीट मांडी घालूनच बसले आणि सालांचा ढीग मांडीवर साचू लागला.

"अहो!" बांधावरून बायकोची हाक आली. "त्या तपासायच्या आहेत अजून!"

"मग माझ्यापासूनच सुरू करा," काका भरल्या तोंडाने म्हणाले आणि त्यांनी आणखी एक शेंग तोडली.